वाचकांचे प्रश्न : इलेक्ट्रिक गाडी वाटेत दगा देते का?

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांचा गठ्ठा सोडून पाहिला, तेव्हा त्यातील बरीचशी पत्रे एकाच शंकेभोवती घुटमळताना दिसली. इलेक्ट्रिक गाडी परवडते की नाही, याचा हिशेब लोक आता स्वतःच मांडू लागले आहेत. त्यांना खरी धास्ती वाटते ती भरवशाची. म्हणून या वेळी इतर विषय बाजूला ठेवून तेवढ्याच पत्रांना उत्तरे देत आहे. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली असून पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : माझी पेट्रोल गाडी अकरा वर्षांची झाली असून आता ती बदलायची आहे. मुलगा म्हणतो, इलेक्ट्रिक गाडीत इंजिनच नाही, मग बिघडणार काय? शेजारी राहणारे माझे जुने सहकारी म्हणतात, बिघडली की ती ट्रकवर घालूनच न्यावी लागते. दोघांपैकी कोणाचे खरे मानावे? (निवृत्त बँक अधिकारी, सातारा)

उत्तर : दोघांचेही खरे आहे आणि आपली पंचाईत नेमकी तेथेच आहे. ‘भरवशाची गाडी’ या दोन शब्दांत आपण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधतो. गाडी वाटेत किती वेळा बंद पडते, ही एक. आणि तिच्यात लहानमोठे दोष किती निघतात व त्यापायी ती किती दिवस सर्व्हिस सेंटरमध्ये अडकून राहते, ही दुसरी. पेट्रोलच्या गाडीत या दोन्ही गोष्टी साधारण हातात हात घालून चालत असल्यामुळे त्या वेगळ्या करून पाहण्याची आपल्याला कधी गरजच पडली नाही. इलेक्ट्रिक गाडीत मात्र त्यांच्या वाटा फुटतात.

पहिल्या गोष्टीचा सर्वांत मोठा हिशेब जर्मनीतील ‘आडाक’ या वाहनचालकांच्या संघटनेकडे असतो, कारण रस्त्यात बंद पडलेल्या गाड्यांना मदत पाठवणे हे तिचे रोजचेच काम आहे. तिच्या २०२४ या वर्षाच्या नोंदींनुसार, २०२० ते २०२२ या काळात नोंदणी झालेल्या गाड्यांपैकी दर हजार इलेक्ट्रिक गाड्यांमागे ४.२ वेळा मदत पाठवावी लागली; त्याच वयाच्या पेट्रोल-डिझेल गाड्यांत हे प्रमाण हजारी १०.४ होते. म्हणजे वाटेत अडकण्याची वेळ निम्म्याहूनही कमी.

दुसऱ्या गोष्टीचा हिशेब अमेरिकेतील ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ ही ग्राहकसंस्था ठेवते. ती आपल्या सभासदांना विचारते की, गेल्या वर्षभरात गाडीत काय काय बिघडले. त्यात दाराची मूठ, रंग, डॅशबोर्डवरचा स्क्रीनचा पडदा, चार्जिंगचे झाकण अशा बारीकसारीक तक्रारीही येतात. या संस्थेच्या २०२३ च्या पाहणीत इलेक्ट्रिक गाड्यांत पेट्रोल गाड्यांपेक्षा सरासरी ७९ टक्के अधिक दोष आढळले आणि पुढच्या वर्षीच्या पाहणीत ४२ टक्के अधिक. एका वर्षात आकडा इतका हलतो, याचा अर्थ गाड्या एकाएकी सुधारल्या असा घेऊ नये. बाजारात त्या वर्षी कोणती नवी मॉडेले आली, यावर हा आकडा बराच अवलंबून असतो. नव्या मॉडेलची पहिली तुकडी म्हणजे कारखान्याने ग्राहकाच्या खर्चाने घेतलेली परीक्षा, हा अनुभव आपल्याकडे पेट्रोल गाड्यांतही काही नवा नाही. फरक एवढाच की, इलेक्ट्रिक गाड्यांतील बहुतेक मॉडेले सध्या नवीच आहेत.

आता मुलाच्या म्हणण्याकडे वळू. इंजिन नाही, याचा अर्थ पिस्टन, व्हॉल्व्ह, टायमिंग बेल्ट, इंधन पंप, इंजेक्टर, क्लच प्लेट, गिअर बदलण्याची यंत्रणा आणि सायलेन्सर यांपैकी काहीच नाही. जोडून सुट्ट्या आल्या की खंडाळ्याच्या घाटात मुंगीच्या गतीने सरकणाऱ्या रांगेत जळक्या क्लचचा जो कुबट वास भरून राहतो, तो इलेक्ट्रिक गाडीतून कधी येणार नाही. पण ज्या वस्तू दोन्ही प्रकारच्या गाड्यांत सारख्या असतात, त्यांचे काय? सस्पेन्शनचे बुश, स्टिअरिंगचे सांधे, टायर, काच वरखाली करणारी मोटर आणि एसी इलेक्ट्रिक गाडीतही आहेतच, आणि बॅटरीमुळे गाडी जड असल्याने टायर व सस्पेन्शन यांच्यावरचा भार उलट वाढतो. जर्मनीतील सक्तीच्या तपासण्यांवर आधारलेल्या ‘ट्यूफ’च्या २०२४ च्या अहवालात, दोन ते तीन वर्षे वयाच्या गाड्यांत टेस्ला मॉडेल ३ तळाला गेली होती, तपासलेल्या गाड्यांपैकी १४.७ टक्के गाड्यांत लक्षणीय दोष निघाले. ते दोष मोटरचे किंवा बॅटरीचे नव्हते, तर सस्पेन्शनचे, दिव्यांचे आणि ब्रेक डिस्कचे होते. ब्रेकचे कारण मजेशीर आहे. ॲक्सिलरेटरवरचा पायाचा दाब सोडताच मोटरच गाडीचा वेग कमी करते, त्यामुळे खरे ब्रेक फारसे वापरले जात नाहीत आणि न वापरलेल्या डिस्कवर गंज चढतो. कोकणातील वाचकांनी आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर मागेपुढे पाहून दोन-तीनदा जोराने ब्रेक दाबण्याची सवय ठेवावी.

आता आपल्या सहकाऱ्यांचे म्हणणे. ‘आडाक’च्याच नोंदींत इलेक्ट्रिक गाडी अडकण्याचे सर्वांत मोठे कारण, जवळजवळ निम्म्या प्रसंगांत, एक अगदी जुनी ओळखीची वस्तू आहे : १२ व्होल्टची साधी बॅटरी. इलेक्ट्रिक गाडीच्या पोटात कितीही मोठी बॅटरी असली, तरी तिचा प्रवाह चालू करणारे स्विच, दारांची कुलपे, पडदा आणि संगणक हे सारे या छोट्या बॅटरीवर जागे होतात. ती बसली की गाडी मेल्यासारखी पडते.

याचा प्रसाद मलाही मिळालेला आहे. गेल्या मे महिन्यात कराडला एका लग्नाला गेलो होतो. जेवण आटोपून दुपारी बाहेर आलो, रिमोटचे बटण दाबले, तर दिव्यांनी डोळासुद्धा मिचकावला नाही. मोठ्या बॅटरीत ८० टक्क्यांहून अधिक चार्जिंग होते, हे सकाळीच पाहिले होते. रिमोटच्या पोटात दडवलेली छोटी किल्ली काढली, दाराच्या मुठीवरचे झाकण नखाने उचकटून कुलूप उघडले, आत बसलो, तर पडदा काळाठिक्कर. कंपनीच्या मदत क्रमांकावरून उत्तर आले की, कोल्हापूरहून सपाट ट्रॉलीचा ट्रक निघेल आणि तीन तास लागतील. शेवटी आचाऱ्याच्या छोट्या डिझेल टेम्पोची बॅटरी, दोन जंपर केबल आणि माहितीपुस्तिकेतील एक आकृती यांच्या आधारे पाच मिनिटांत गाडी जागी झाली. डिझेल टेम्पोने इलेक्ट्रिक गाडीला शुद्धीवर आणले, हा विनोद कार्यालयातील वऱ्हाडी मंडळींनी संध्याकाळपर्यंत पुरवला. ती छोटी बॅटरी चार वर्षांची झाली होती आणि माझ्यासारख्या, उभे आयुष्य गॅरेजमध्ये काढलेल्या माणसाने ती बदललेली नव्हती. दोष माझाच. मात्र हे प्रत्येक वेळी मालकाच्या आळसाने घडत नाही. २०२४ मध्ये ह्युंदाईने आयोनिक ५ या मॉडेलच्या १,७४४ गाड्या भारतात तपासणीसाठी परत बोलावल्या होत्या, कारण त्यांतील चार्जिंग सांभाळणारा भाग बिघडला तर ही छोटी बॅटरी भरली जाण्याचे थांबू शकत होते.

ट्रकवर घालून न्यावी लागते, हेही बरोबर आहे. चाके जमिनीवर ठेवून ओढत नेले, तर चाकांबरोबर मोटर फिरते आणि वीज निर्माण करू लागते. म्हणून सपाट ट्रॉलीच लागते. दोरी बांधून गावातल्या फिटरकडे नेण्याची सोय येथे संपते, आणि नेऊन उपयोगही नसतो. पेट्रोल गाडीचा गिअरबॉक्स साताऱ्यातला चांगला मेकॅनिक उघडून, बेअरिंग बदलून, पुन्हा बसवून देतो. इलेक्ट्रिक गाडीतील चार्जर किंवा मोटरचा नियंत्रक उघडून दुरुस्त करण्याची पद्धत नाही. तो अख्खा बदलला जातो आणि गोदामात नसेल तर वाट पाहावी लागते. माझ्या परिचयातील एक गाडी अशाच एका भागासाठी पाच आठवडे उभी होती. ती वॉरंटीत असल्याने मालकाचा एक रुपयाही गेला नाही, पण पाच आठवडे ते रिक्षाने फिरले.

तेव्हा माझे मत असे की, वाटेत अडकण्याच्या भीतीने इलेक्ट्रिक गाडी नाकारण्याचे कारण उरलेले नाही. अडकल्यावर ती कोण सोडवणार, हा प्रश्न मात्र विकत घेण्याआधी विचारायचा आहे. साताऱ्यातील विक्रेत्याकडे उच्च दाबाच्या विजेच्या यंत्रणेवर काम करण्याचे प्रशिक्षण घेतलेले तंत्रज्ञ किती आहेत, की गाडी पुण्याला पाठवली जाते? दुरुस्तीसाठी गाडी आठवड्याहून अधिक काळ अडकली तर पर्यायी गाडी मिळते का? हे विचारताना विक्रेत्याच्या तोंडाकडे न पाहता सर्व्हिस विभागात जाऊन तेथे उभ्या असलेल्या गाड्यांच्या मालकांशी बोलावे.

प्रश्न : आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४६ अंशांच्या पुढे जातो. एवढ्या उष्णतेत बॅटरी टिकेल का? आठ वर्षांनी ती बदलावीच लागते, असे ऐकले आहे. (एक डॉक्टर, चंद्रपूर)

उत्तर : उष्णता हा बॅटरीचा खरा शत्रू आहे, यात शंका नाही. याचा धडा सर्वप्रथम निसान लीफ या गाडीने दिला. तिची बॅटरी केवळ हवेवर थंड होत असे. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात, फिनिक्सच्या वाळवंटी उन्हात, २०१२ च्या सुमारास अनेक मालकांच्या लक्षात आले की, दीड-दोन वर्षांतच गाडी पूर्वीइतकी लांब जात नाही. त्यानंतर कंपनीला बॅटरीची क्षमता किती उरेल याची वेगळी हमी द्यावी लागली आणि रसायनही बदलावे लागले. आता भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक इलेक्ट्रिक मोटारींत बॅटरीभोवती कूलंट फिरवून तिला थंड ठेवले जाते. आपण जी गाडी पाहत असाल, तिच्यात अशी द्रवाने थंड करण्याची सोय आहे की नाही, हे चंद्रपूरच्या ग्राहकाने सर्वप्रथम विचारावे. छताची काच किंवा पडद्याचा आकार नंतर.

रसायनाचाही फरक पडतो. लोह-फॉस्फेटची, म्हणजे एलएफपी बॅटरी उष्णता अधिक सोसते आणि तिला चार्ज-डिस्चार्जच्या फेऱ्याही अधिक मिळतात. निकेल-मँगनीज-कोबाल्टची बॅटरी तेवढ्याच वजनात जास्त वीज साठवते, पण ती अधिक नाजूक. पहिली अधूनमधून पूर्ण १०० टक्के भरावी, म्हणजे गाडीच्या संगणकाला शिल्लक अचूक मोजता येते. दुसरी रोजच्या वापरात ८० टक्क्यांवर थांबवावी. दोन्हींच्या बाबतीत भर दुपारी, लांबचा प्रवास करून आल्याबरोबर उन्हात उभी करून वेगवान चार्जिंग लावणे टाळावे. पहाटे घरच्या चार्जरवर सावकाश भरलेली गाडी वर्षानुवर्षे साथ देते.

‘आठ वर्षांनी बदलावीच लागते’ हा समज वॉरंटीच्या कागदावरून पसरला आहे. आपल्याकडे आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर अशी मुदत पुष्कळ दिवस रूढ आहे, आणि अलीकडे काही कंपन्या पहिल्या मालकाला त्याहूनही लांबची हमी देऊ लागल्या आहेत. वॉरंटीची मुदत म्हणजे बॅटरीचे आयुष्य नव्हे. आठव्या वाढदिवसाला फ्रिज बंद पडत नाही, तसेच हे. गाड्यांची नोंद ठेवणाऱ्या ‘जिओटॅब’ या कंपनीने हजारो इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटऱ्या तपासल्या, तेव्हा वेगवेगळ्या वर्षांच्या अभ्यासांत क्षमता दरसाल सरासरी १.८ ते २.३ टक्के घटताना दिसली. उष्ण प्रदेशातील गाड्यांत ही घट सरासरीपेक्षा जास्त असते. आपल्या भागासाठी तीन टक्के धरले, तरी आठ वर्षांनी सुमारे तीन-चतुर्थांश क्षमता उरते. आज एका चार्जमध्ये प्रत्यक्ष ३०० किलोमीटर जाणारी गाडी तेव्हा सव्वादोनशे जाईल. चंद्रपूर ते नागपूर जाऊन तेथे चार्जिंग करून परत येण्यास ती तेव्हाही पुरी पडेल.

आणखी एक आकडा येथे सांगण्यासारखा आहे. ब्रिटनमधील सक्तीच्या वार्षिक तपासणीच्या सुमारे ३० कोटी नोंदींचा अभ्यास ‘नेचर एनर्जी’ या नियतकालिकात २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गाडी भंगारात जाईपर्यंतचे सरासरी आयुष्य पेट्रोलसाठी १८.७ वर्षे, इलेक्ट्रिकसाठी १८.४ वर्षे आणि डिझेलसाठी १६.८ वर्षे निघाले. जुन्या इलेक्ट्रिक गाड्या फार भरवशाच्या नव्हत्या; पण प्रत्येक नव्या वर्षीच्या गाड्या आदल्या वर्षीच्या गाड्यांपेक्षा पेट्रोलच्या मानाने झपाट्याने सुधारत गेल्या, असे अभ्यासकांना दिसले. ब्रिटनचे हवामान चंद्रपूरचे नाही, हे लक्षात ठेवूनच हा आकडा वाचावा.

प्रश्न : २२ जुलै २०२१ च्या पुरात माझी डिझेल गाडी पूर्ण पाण्याखाली गेली. आता इलेक्ट्रिक घ्यावी म्हणतो, पण वीज आणि पाणी एकत्र म्हटले की छातीत धडकी भरते. (व्यापारी, चिपळूण)

उत्तर : साचलेल्या पाण्यातून गाडी काढण्याची वेळ आली, तर इलेक्ट्रिक गाडी डिझेलपेक्षा उजवी ठरते. डिझेल किंवा पेट्रोलचे इंजिन श्वास घेते. हवेबरोबर पाणी सिलिंडरमध्ये शिरले आणि पाणी तर दाबले जात नाही, त्यामुळे पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. मेकॅनिक मंडळी याला ‘इंजिन लॉक झाले’ म्हणतात, आणि वेगळे इंजिन संरक्षण घेतलेले नसेल तर विमा कंपनी हा खर्च सहसा नाकारते. इलेक्ट्रिक गाडीला श्वास घ्यावा लागत नाही. तिची बॅटरी सामान्यतः आयपी-६७ या दर्जाची, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिली तरी आत पाणी शिरू नये अशी बंद केलेली असते, आणि बिघाड जाणवताच यंत्रणा उच्च दाबाचा प्रवाह स्वतःहून तोडते. गाडीला हात लावताच शॉक बसेल, ही भीती मनातून काढून टाकावी.

परंतु आपण अनुभवलेला पूर अर्ध्या तासाचा नव्हता. वाशिष्ठीचे पाणी तासन्‌तास राहिले आणि ओसरताना ढीगभर गाळ मागे सोडून गेले. अशा पाण्यात बुडालेली कोणतीही गाडी, इंधन काहीही असो, शेवटी विम्याचीच बाब होते. इलेक्ट्रिक गाडीच्या बाबतीत एक पथ्य कडक पाळावे : बुडून निघालेली गाडी सुरू करून पाहू नये, चार्जिंगला तर मुळीच लावू नये, आणि तंत्रज्ञ येईपर्यंत घरापासून दूर, मोकळ्या जागी उभी ठेवावी. खारे पाणी आणखी वाईट. फ्लोरिडात सप्टेंबर २०२२ मधील ‘इयान’ चक्रीवादळात समुद्राच्या पाण्यात बुडालेल्या काही इलेक्ट्रिक गाड्यांनी नंतरच्या दिवसांत पेट घेतला होता, कारण सुकलेले मीठ आतल्या आत वीज वाहून नेते. चिपळूण बाजारपेठेतील पाणी नदीचे असते. दाभोळ खाडीकाठच्या वाचकांनी मात्र ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. भारी पावसाचा इशारा आला की गाडी उंचावर नेऊन ठेवणे, हा आपल्या गावाने शिकलेला उपाय दोन्ही प्रकारच्या गाड्यांना लागू आहे.

प्रश्न : गाडी घेऊन चारच महिने झाले आहेत. घरी रात्री चार्जिंगला लावतो आणि सकाळी पाहतो तर चार्जिंग मध्येच थांबलेले असते. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, गाडीत दोष नाही. ते टाळाटाळ करीत आहेत का? (शिक्षक, सांगोला तालुका)

उत्तर : बहुधा नाही. ग्रामीण भागातून येणाऱ्या ‘गाडी बिघडली’ या तक्रारींपैकी पुष्कळ तक्रारींचे मूळ गाडीत नसून घराच्या भिंतीत असते. गाडीबरोबर आलेला छोटा चार्जर साधारण ३.३ किलोवॉटचा असतो, म्हणजे तो सलग आठ-दहा तास जवळजवळ १५ अँपिअर प्रवाह ओढतो. गिझर तेवढाच ओढतो, पण पंधरा मिनिटे. जुना सॉकेट, पातळ वायर किंवा सैल स्क्रू असेल, तर मध्यरात्रीपर्यंत सॉकेट तापतो आणि चार्जर स्वतःला वाचवण्यासाठी थांबतो. सकाळी सॉकेटच्या पांढऱ्या प्लॅस्टिकवर पिवळट डाग दिसला, तर निदान झालेच म्हणून समजावे.

दुसरे कारण अर्थिंग. आपल्याकडे अनेक घरांत तीन पिनांच्या सॉकेटमधील तिसरे भोक केवळ शोभेला असते. वायर आत कोठेच जोडलेली नसते. पंखा, टीव्ही, मिक्सर तक्रार करीत नाहीत, म्हणून ते वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही. इलेक्ट्रिक गाडीचा चार्जर मात्र सुरू होण्यापूर्वी आणि चालू असताना अर्थिंग तपासत राहतो आणि ते समाधानकारक नसेल तर लाल दिवा लावून बसतो. वायरमनला बोलावून मीटरने न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधील दाब मोजायला सांगावे. तो फार तर दोन-तीन व्होल्ट असावा. अर्थिंगचा खड्डा जुना असेल तर मीठ-कोळसा भरून नवा करून घ्यावा. आपल्या भागातील जमीन उन्हाळ्यात पार कोरडी पडते, त्यामुळे त्या खड्ड्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओतण्याची जुनी रीत सोडू नये. गाडीसाठी मीटरपासून वेगळी जाड वायर आणि वेगळा एमसीबी घ्यावा. एवढे करूनही चार्जिंग थांबले, तर रात्री शेतीपंप सुरू होतात त्या वेळी घरातील व्होल्टेज किती उतरते ते पाहून ठेवावे आणि तो आकडा घेऊन मगच सर्व्हिस सेंटरशी भांडावे.

प्रश्न : माझे रोजचे फिरणे दीडशे ते दोनशे किलोमीटरचे, बहुतेक महामार्गावर आणि साइटच्या कच्च्या रस्त्यावर. डिझेल आता संपले, असे सगळे म्हणतात. खरे आहे का? (ठेकेदार, बारामती)

उत्तर : आपल्या वापराला डिझेल आजही शोभते. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ निकषांनंतर डिझेल गाडीच्या धुराच्या वाटेत काजळी अडवणारी गाळणी, म्हणजे डीपीएफ, बसली. ही गाळणी आपली काजळी जाळून स्वच्छ होते, पण त्यासाठी गाडी पंधरा-वीस मिनिटे एका लयीत पळावी लागते. पुण्यात घर ते कार्यालय अशी चार किलोमीटरची ये-जा करणाऱ्याची गाळणी तुंबते, दिवा लागतो आणि खर्च निघतो. आपल्या वापरात ती सहसा तुंबणार नाही. शहरातल्या शहरात वापरायला डिझेल घेऊ नये, या मतावर मात्र मी ठाम आहे.

पेट्रोलबद्दलही दोन शब्द. देशभर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आले असून, एप्रिल २०२३ पूर्वीच्या बऱ्याच गाड्या त्यासाठी बनवलेल्या नाहीत. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच अशा जुन्या धाटणीच्या मोटारींचे मायलेज सहा ते सात टक्क्यांनी घटेल, असे म्हटले होते. शिवाय रबरी नळ्या व गॅस्केट यांच्याकडे लक्ष ठेवावे लागते. म्हणजे पेट्रोल गाडीचा भरवसा आपण लहानपणापासून पाहिला तसाच राहील, असे धरून चालता येत नाही.

इलेक्ट्रिक घ्यायचीच असेल, तर आपल्याला गाडीपेक्षा चार्जरच्या भरवशाची चिंता अधिक करावी लागेल. महामार्गावर ॲपमध्ये हिरवा दिसणारा चार्जर प्रत्यक्षात बंद असणे, किंवा हॉटेलवाल्याने त्यापुढे मोटारसायकली लावलेल्या असणे, हा नेहमीचा अनुभव आहे. रोज मुक्कामाला घरी येत असाल आणि घरी ७.२ किलोवॉटचा चार्जर बसवू शकत असाल, तर दोनशे किलोमीटर सहज निभावतील. साइटवरच्या कच्च्या रस्त्यात दगडाने बॅटरीचे पोट खरवडले जाऊ नये, म्हणून जमिनीपासूनची उंची आणि खालची संरक्षक पत्र्याची पाटी मात्र पाहून घ्यावी.

प्रश्न : आगीचे काय? (गृहिणी, ठाणे. त्यांच्या सोसायटीने तळघरात चार्जर बसवण्यास नकार दिला आहे.)

उत्तर : आग कमी वेळा लागते, पण लागली की लवकर विझत नाही. स्वीडनच्या आपत्ती व्यवस्थापन यंत्रणेने २०२२ साठी काढलेले प्रमाण इलेक्ट्रिक व हायब्रीड गाड्यांत लाखामागे ३.८ आणि सर्व गाड्या मिळून लाखामागे ६८ होते. यातील इलेक्ट्रिक गाड्या वयाने तरुण आहेत, ही सूट त्यांना मिळालेली आहे. आपल्याकडे २०२२ च्या उन्हाळ्यात पेटलेल्या स्कूटरांनंतर बॅटरीच्या चाचण्यांचे नियम डिसेंबर २०२२ पासून दोन टप्प्यांत कडक झाले. सोसायटीने नकार देण्याऐवजी चार्जर प्रवेशद्वाराजवळ, उघड्यावर किंवा तळघराच्या तोंडाशी बसवण्याची आणि वायरिंग परवानाधारक ठेकेदाराकडून करून घेण्याची अट घालावी. तळघरातील लटकत्या वायरींवरून एक्स्टेन्शन बोर्ड ओढून रात्रभर चार्ज होणाऱ्या स्कूटर मला मोटारीपेक्षा जास्त धोक्याच्या वाटतात, आणि त्यांना तेथे कोणी अडवत नाही.

प्रश्न : चार वर्षांची जुनी इलेक्ट्रिक गाडी निम्म्या किमतीत मिळत आहे. घ्यावी का? (विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून बॅटरीच्या उरलेल्या क्षमतेचा लेखी अहवाल मिळत असेल, तरच पुढे जावे. पडद्यावर दिसणाऱ्या किलोमीटरवर विसंबू नये. तो आकडा आधीचा मालक कसा चालवत होता त्यावर ठरतो. बॅटरीची वॉरंटी दुसऱ्या मालकाला किती मिळते, हे कागदावर पाहावे, कारण आजीवन म्हणून दिलेल्या हमी बहुधा पहिल्या मालकापुरत्याच असतात. गाडी लिफ्टवर चढवून बॅटरीच्या तळाला खरवडा किंवा खोक पडली आहे का, ते टॉर्च लावून बघावे. बॉनेट उघडून नारिंगी रंगाच्या जाड केबलींवर उंदराच्या दातांच्या खुणा आहेत का, हेही पाहावे. त्या केबलींना हात मात्र लावू नये. आणि १२ व्होल्टची बॅटरी कोणत्या महिन्याची आहे, ते तिच्यावरच्या शिक्क्यावरून वाचून, तीन वर्षांपेक्षा जुनी असल्यास तिची किंमत सौद्यातून वजा करून मागावी.